शालिनीकाकूंच्या घराचा वास

शालिनीकाकूंच्या घरात पाऊल टाकलं की सगळ्यात आधी जाणवायचं ते हे, की इथं कसलाच वास नाही. सांगायला ही गोष्ट साधी वाटते; पण आठवून बघा, कसलाच वास नसलेली घरं आपण किती पाहिली आहेत? प्रत्येक घराला आपापला वास असतो. आमच्या घराला होता. आर्वीपासून आत आमचं गाव, शिवारभर कापसाची पऱ्हाटी. दिवाळीनंतर समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस, खाटेखाली फवारणीच्या औषधाचे डबे, पडवीत दोन शेळ्या आणि भिंतींत मुरलेला चुलीचा धूर. त्या घरात वीस वर्षं वाढताना मला तो वास कधी आला नाही. तो आला वर्ध्याला, पिपरी मेघेतल्या एका अंगणात, माझ्याच बॅगेतून.

बी.एड.ला नंबर लागला होता. आमच्या घरातून पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. बाबा मला सोडायला आले होते. ढोले गुरुजींच्या घराची मागची खोली भाड्यानं मिळाली होती. अंगणात बॅग उघडली, तशी शेजारच्या भिंतीवरून बोबडे वहिनी डोकावल्या आणि नाकाला पदर लावून म्हणाल्या, "काय वं पोरी, पऱ्हाटीवर औषध मारून सरळ इकडंच आली का?"

बाबांनी मान खाली घातली. मला त्या अंगणातून पळून जावंसं वाटलं. गुरुजींच्या पत्नी, शालिनीकाकू, पायरीवर उभ्या होत्या. ठेंगण्या, सुती पातळाचा पदर कमरेला खोचलेला, नाकात लखलखीत खडा. त्यांनी एकदा वहिनींकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि काहीच झालं नाही अशा आवाजात म्हणाल्या, "एसटीत कपडे दमट होतात. सगळे काढ आन् तारेवर टाक."

संध्याकाळी त्यांनी स्वतः एकेक कपडा काढला. प्रत्येकाची कॉलर नाहीतर शिवण गालाला लावली, वाळल्याची खात्री केली, मगच घडी घातली. वासाचा एक शब्द नाही. मला वाटलं, केवढं मोठं मन या बाईचं. वास येत असूनही येत नाही असं दाखवते. हा समज पुढे वर्षभर टिकला.

त्या घरात उदबत्ती फक्त देवापुढे, तीही एक. फुलं दारी पुष्कळ. घरात एकही नाही. "फूल दुसऱ्या दिवशी कुजते," काकू म्हणायच्या, "मंग त्याचंच पाणी काढत बसा." त्यांचा सगळा भर ओलीवर होता. वासाचं मूळ ओलीत असतं, ओल शोधा म्हणजे वास सापडतो, हे त्यांचं एका ओळीचं शास्त्र. फरशी पुसायचं फडकं कधी बादलीच्या काठावर दिसलं नाही. ते पिळून, झटकून उन्हात. उशा सोमवारी, गाद्या गुरुवारी. मोरीत रोज सकाळी उकळतं पाणी, शनिवारी खायचा सोडा. पूर्वेची खिडकी पहाटे उघडायची, उन्हाळ्यात नऊला बंद. गव्हात कडुनिंबाचा पाला. आणि कूलर! वर्ध्याच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय घर नाही, आणि चार दिवसांत त्या साचलेल्या पाण्याला मासळीसारखा वास सुटतो. अख्ख्या लेआऊटमध्ये, म्हणजे आमच्या वसाहतीत, मे महिन्यात तो वास फिरत असायचा. काकू दर तिसऱ्या सकाळी टाकी उपसून, घासून, कोरडी करून पुन्हा भरत. टाकी घासताना त्या कूलरच्या आत जवळजवळ कमरेपर्यंत शिरलेल्या असत.

"काकू, एक दिवस त्या कूलरमधीच राहून जासान," वहिनी भिंतीवरून ओरडायच्या. "तुमच्या घरात माशीही पाय पुसून येत असंन!"

"तुमच्याकडच्या माशा आहेत त्या. त्याहीले थोडं वळण लावून राह्यली," आतून आवाज यायचा.

हे सगळं कॅलेंडरवर लिहिलेलं असे. त्यांच्या गॅसपाशी एक भिंतीवरचं घड्याळ होतं, आणि दूध, वरण, भात सगळं त्या घड्याळाकडे बघून उतरवलं जाई. कालची भाजी उरली तर ती चाखून, हुंगून बघण्याची पद्धतच नाही. वेळ झाली की गाईला. मी हे सगळं पाहत होते आणि मनात म्हणत होते, शिस्त असावी तर अशी. त्या घड्याळाचा अर्थ मात्र मला कळला नव्हता.

या सगळ्याच्या मध्यभागी गुरुजी होते. आयुष्यभर हायस्कूलात गणित शिकवलेले, बोलण्याचे भारी शौकीन. निवृत्तीनंतर दोनच वर्षांत त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. समोरच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीपाशी लोखंडी पलंगावर ते पडून असत. माणूस अंथरुणाला खिळला की तो मागच्या खोलीत जातो, हे मी गावात पाहिलेलं. इथं गुरुजी समोर होते आणि रोज पाच वाजता त्यांच्या पलंगाभोवती चार खुर्च्या मांडल्या जात. जुने विद्यार्थी येत, सोबतचे मास्तर येत, भाजीवाला येई. तास तास बसत, वाद घालत. गुरुजी बोलू शकत नव्हते. पण डोळ्यांनी आणि डाव्या हातानं त्या वादात असत.

खुर्च्या मांडण्याआधी काकू एक गोष्ट न चुकता करत. उंबरठ्यावर जाऊन उभ्या राहत, गुरुजींकडे बघत आणि विचारत, "काय जी?" गुरुजी डाव्या हातानं पलंगाच्या कठड्यावर एकदा टकटक करत. मग खुर्च्या. मला वाटे, बरं आहे ना, असं त्या विचारत असाव्यात.

या खुर्च्यांमागची गोष्ट काकूंनी मला एकदा शेंगा फोडता फोडता सांगितली. गुरुजी धडधाकट होते तेव्हा त्यांचे एक मित्र आजारी पडले होते. गुरुजी भेटायला गेले आणि दहा मिनिटांत परत आले.

"आले आन् इथीच बसले, पायरीवर. म्हणाले, शालिनी, मी उठून आलो. त्याच्या खोलीत बसवलं नाई गेलं. वास होता. तीस वर्षांचा दोस्त, आन् मी नाक दाबून उठून आलो." काकूंनी टरफलं पदरातून झटकली. "लय रडले. मंग यायलेच लकवा झाला. दवाखान्यातून घरी आणलं ना, तवा यायचे डोळे मले दिसून राह्यले होते. मरणाले नाई भिऊन राह्यले होते. कोणी उठून जाईन, याले भिऊन राह्यले होते."

"मग?"

"मंग काय. मी म्हटलं, नाई जाऊ देत कोणाले उठून."

एवढंच. त्या एका वाक्यावर त्यांनी आपलं सगळं आयुष्य बांधलं होतं. दर दोन तासांनी कूस बदलणं, मेणकापड पुसणं, चादरी, लंगोट, पाणी, ऊन. घरात मोलकरीण नव्हती, आणि तक्रारही नव्हती.

माझा पहिला पगार नव्हता, पण शिकवणीचे थोडे पैसे हाती आले तेव्हा मी मोठ्या भक्तीनं काकूंसाठी एक खोलीत मारायचा सुवासिक फवारा आणला. मोगऱ्याचा. काकूंनी डबा उलटासुलटा करून पाहिला, त्यावरच्या चित्राचं कौतुक केलं, आणि म्हणाल्या, "चांगला आहे. तुह्या खोलीत ठेव. गुरुजींच्या खोलीत नाई मारायचा."

"का काकू? चांगला वास येईल."

"तेच तर. वास आपल्याले सांगून राह्यला असते, बाई, का इथी काही बिघडलं. त्याच्यावर मोगरा मारला तर सांगनाऱ्याचं तोंड बंद होते, बिघडलेलं तसंच राह्यते." मग माझा चेहरा पडलेला पाहून म्हणाल्या, "आधी काढा, मंग लावा. मले काढण्यातूनच सवड नाई."

मे महिन्यात एक दुपार अशी आली, की मला सगळं कळलं. मी कॉलेजातून आले तर घरात भयंकर घाण येत होती. त्या घरात! काहीतरी मेलं होतं. गुरुजी डाव्या हातानं कठडा बडवत होते, दोन दोन ठोके, थांबून पुन्हा दोन. आणि काकू खोलीभर फिरत होत्या.

"इकडं? ... कपाटापाशी? ... नाई? मंग कुठी जी?"

गुरुजी जोरात दोन. काकू कूलरकडे सरकल्या, ठोके घाईनं पडू लागले. मी दारातच नाक धरून उभी होते. काकू कूलरच्या स्टँडला टेकून उभ्या होत्या, अगदी त्या घाणीच्या उगमावर, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कपाळाच्या आठीखेरीज काही नव्हतं. त्यांना वास येतच नव्हता.

स्टँडमागे मेलेली चिचुंद्री निघाली. ती बाहेर टाकून, फरशी तीनदा धुऊन झाल्यावर काकू माझ्यासमोर बसल्या.

"समजलं ना तुले?"

मी मान हलवली.

"जन्मापासून. गू का गुलाब, मले सारखंच. हे नाक खडा घालायपुरतं आहे माह्यं." पलंगावर गुरुजी खांदे हलवून हसत होते. त्यांना तो विनोद जुना होता.

लहानपणी दूध उतू गेलं, भात करपला, की काकूंनी मार खाल्ला होता. लग्न ठरताना आईनं बजावलं, हे कोणाला सांगायचं नाही, दोष समजतील. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सासरी वरण करपलं. काकू चुलीपाशी बसलेल्या आणि धूर दिसेपर्यंत त्यांना पत्ता नाही. सासू बाहेरून ओरडत आली. रात्रीपर्यंत थांबायचा धीर झाला नाही. काकूंनी तिथंच, गोठ्यामागे, नवऱ्याला खरं सांगितलं. गुरुजी गणिताचे मास्तर. थोडा विचार करून म्हणाले, "दोन माणसांत एक नाक पुरतं. मी आहे ना."

तेव्हापासून शाळेतून आल्यावर ते चपला काढण्याआधी उंबरठ्यावर उभे राहत, मोठा श्वास घेत आणि निकाल सांगत. "पास." कधी "नापास, मोरी." कधी "नापास, कणकेचा डबा." काकू त्या दिवशीची चूक लिहून ठेवत आणि ती पुन्हा होणार नाही अशी वेळ कॅलेंडरवर घालत. असं करत करत, वर्षानुवर्षं, एक एक नापास मिटवत, ज्या बाईला वास म्हणजे काय ते ठाऊक नाही तिनं अख्ख्या पिपरी मेघेतलं सगळ्यात स्वच्छ हवेचं घर उभं केलं होतं. गुरुजींची वाचा गेली तरी परीक्षा बंद झाली नाही. एक ठोका पास, दोन ठोके नापास. रोज पाचला, खुर्च्या मांडण्याआधी, "काय जी?"

मला आठवलं, माझी बॅग उघडली होती त्या दिवशी त्यांनी मोठ्या मनानं काही लपवलं नव्हतं. त्यांना आलाच नव्हता वास. त्यांनी फक्त माझा आणि बाबांचा चेहरा पाहिला होता. मला त्यांचं मन त्यामुळे कमी मोठं वाटलं नाही, उलट जास्त.

आता माझी चूक सांगते. ही सांगितल्याशिवाय काकू पुऱ्या होत नाहीत.

त्या वर्षी श्रावणात आठ दिवस झड लागली होती. कपडे घरात, ऊन नाही, आणि गुरुजींचं नाक सर्दीनं गच्च. त्याच आठवड्यात व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरांनी गुरुजींच्या उजव्या, आवळून गेलेल्या मुठीला फळी लावून पट्टा बांधला होता आणि आठ दिवस सोडू नका म्हणून सांगितलं होतं. काकूंनी मला हाक मारली.

"अर्चना, यायचं नाक बंद आहे. आता तू सांगजो. उंबऱ्यावरून."

मला केवढा मान वाटला! मी उंबरठ्यावर उभी राहिले, श्वास घेतला. ओल्या कपड्यांचा नसलेला, काहीतरी वेगळा, गोडसर, आंबूस वास होता. फार नाही. पलंगाजवळ गेले तेव्हा जरा जास्त. आणि आमच्या घरची शिकवण माझ्या तोंडावर येऊन बसली. आई म्हणायची, आजाऱ्याच्या घरी नाकाला पदर लावायचा नाही, वासाचं नाव काढायचं नाही. माणसं मनाला लावून घेतात. समोर गुरुजी माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "पास."

दुसऱ्या दिवशीही पास. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की एक जुना विद्यार्थी पलंगाजवळची खुर्ची जरा मागे सरकवून बसला. तरी मी पास म्हटलं.

चौथ्या सकाळी गुरुजींना ताप भरला. काकूंनी अंगावरची चादर काढली, डोक्यापासून पायापर्यंत तपासलं, काही सापडेना. शेवटी त्यांनी डॉक्टरांचं न ऐकता पट्टा सोडला. अंगठ्याचं नख तळहातात रुतलं होतं. त्या बाजूला गुरुजींना वेदना कळत नव्हतीच. तळहात ओला, पांढरा पडलेला, मधोमध चिघळलेली जखम. तोच वास, आता मोकळा सुटलेला.

"काकू," मी म्हटलं, "मला तीन दिवसांपासून येत होता."

त्यांनी मान वर केली नाही. कोमट पाण्याचा बोळा जखमेवरून फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "काऊन नाई सांगितलं?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"माह्या मनाले काय करू मी?" आवाज चढला नव्हता. "हात यायचा आहे."

डॉक्टर आले. आणखी दोन दिवस गेले असते तर बोटावर बेतलं असतं म्हणाले. औषधं सुरू झाली. दिवसभर काकू माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवणाचं ताट मात्र माझ्या दारात ठेवून गेल्या. मी सामान बांधायला घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाचला हाक आली. "अर्चना, ये वं."

मी गेले. काकूंनी मला उंबरठ्यावर उभं केलं. "सांग."

मला हुंदका आवरेना. काकूंनी पदराचं टोक माझ्या हातात दिलं. "आधी नाक पूस, मंग वास घे. शेंबडानं भरलेल्या नाकाचं मले काय काम?"

मी नाक पुसलं. श्वास घेतला. औषधाचा वास होता, तो चालेल. आणि आणखी काहीतरी.

"नापास," मी म्हटलं. "स्वयंपाकघराकडून. फडक्याचा आहे."

"हां," काकू म्हणाल्या, "आता कसं." आणि फडकं आणायला गेल्या. पलंगावर गुरुजींनी कठड्यावर एकदा टकटक केली. ती माझ्यासाठी होती.

मला शिक्षक म्हणून जे काही येतं, त्यातलं मोठं मी त्या उंबरठ्यावर शिकले. मुलाची चूक दिसली तर ती त्याला सांगायची. आपल्या भिडेपायी त्याला पास करायचं नाही. आणि ज्यानं आपला घात केला त्यालाच दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी उभं करायचं. हे दुसरं मला अजून पूर्ण जमलेलं नाही.

गुरुजींचा हात बरा झाला. पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी झोपेतच ते गेले. तोवर मला आर्वीच्या बाजूला नोकरी लागली होती. शेवटच्या दिवसापर्यंत पाचच्या खुर्च्या भरलेल्या होत्या, हे मला बोबडे वहिनींनी सांगितलं. आणि सांगताना त्यांना नेहमीचा टोमणा सुचला नाही.

एप्रिलमध्ये एका रविवारी मी काकूंना भेटायला गेले. पलंग निघाला होता, खुर्च्या होत्या. येतात अजून दोघं-तिघं, काकू म्हणाल्या. सवयीनं मी उंबरठ्यावर थांबले, श्वास घेतला. "पास," मी म्हटलं. त्या हसल्या. मग आत जाऊन स्टीलचा एक डबा घेऊन आल्या, पापडाचा असतो तसा, घट्ट झाकणाचा.

आत गुरुजींचा पांढरा सदरा होता. घडी घातलेला, न धुतलेला.

"वहिनी म्हणे, माणूस गेला का त्याच्या कपड्यात त्याचा वास राह्यते. लोकं ठेवतात म्हणे. मी शेवटचा सदरा ठेवला." त्यांनी डबा माझ्यापुढे केला. "मले तर काही समजत नाई. तू पाह्य बरं. आहेत का अजून?"

मी सदरा हातात घेतला. नाकाशी नेला. काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या, उंबरठ्यावरून गुरुजींकडे बघायच्या तशा. मला आईची शिकवण आठवली. आणि तो तळहातही.

"नाही, काकू," मी म्हटलं. "ओल धरलीय. कुबट वास येतो. नापास."

मग त्यांच्या नाकातला खडा हलला. त्या हसत होत्या.

"आयुष्यभर मले नापास करत राह्यले," त्या म्हणाल्या, "आन् शेवटी स्वतःच झाले." सदरा माझ्या हातून घेतला, मोरीवर गेल्या, बादलीत पाणी सोडलं. कॉलर आधी, मग बाह्या, मग पाठ. पिळून, झटकून तारेवर टाकला आणि मला जेवायला वाढलं.

दोनच्या एसटीसाठी मी निघाले. फाटकाची कडी लावताना वळून पाहिलं. वर्ध्याचं एप्रिलचं ऊन. सदरा केव्हाच कडक वाळला असणार. काकू तारेपाशी उभ्या होत्या, त्याची कॉलर गालाला लावून. एरवी त्यांना एवढा वेळ लागत नसे.